तर्रीखालची मटकी

नाशिककराला प्रथिनं म्हटलं की मिसळ आठवते, आणि तिथेच घात होतो. मटकी म्हणजे कडधान्य, कडधान्य म्हणजे प्रथिनं, म्हणजे रविवारची मिसळ हा व्यायामाचाच भाग, अशी मी स्वतःची समजूत घालतो. मग चमचा तळाशी नेतो. फरसाण, कांदा आणि बोटभर तर्रीखाली मटकी सापडते ती मूठभर. प्रथिनं फार तर एका अंड्याएवढी, म्हणजे ६ ग्रॅम.

माझं वजन ६० किलो. अंगावर मांस चढवायचं तर किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ९६ ग्रॅम प्रथिनं हवीत. पावडरचा डबा खिशाला परवडत नाही, तेव्हा स्वयंपाकघरातला तराजू हेच माझं दैवत.

तराजूवर पहिला गुन्हा मटकीच करते. कोरड्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २३ ग्रॅम प्रथिनं. भिजून मोड आले की वजन दुपटीच्या वर जातं, प्रथिनं तेवढीच राहतात. फुगतं ते पाणी. म्हणून मोजायचं ते भिजवण्याआधी. रात्री भिजत घाला, सकाळी पूर्ण निथळून फडक्यात बांधा. पाणी राहिलं तर चिकट होऊन वास मारते. डिसेंबरात नाशिकची थंडी मोडांनाही अंथरुणातून उठू देत नाही. तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या डब्यात ठेवून आणखी एक दिवस कळ काढावी. गणंग दाणे, म्हणजे न भिजता टणक राहिलेले, मात्र वेचाच, दाढेचा खर्च या बजेटात धरलेला नाही.

खरी स्वस्ताई सोयाच्या वड्यांत. कोरड्या ५० ग्रॅममध्ये २६ ग्रॅम प्रथिनं! "वास येतो" म्हणणाऱ्यांनी त्या पिळलेल्याच नसतात. मिठाच्या उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, मग गार पाणी, मग दोन्ही तळव्यांत धरून ओला टॉवेल पिळावा तशा पिळायच्या. पाणी बदलून असं तीनदा, फेस थांबेपर्यंत. त्यानंतरच त्या रश्शात सोडायच्या. न पिळलेली वडी आधीच पाण्याने भरलेली असते, मसाला शिरणार कुठे?

यात ६० ग्रॅम कोरडी मटकी, चार अंडी, अर्धा लिटर दूध आणि खिशात ५० ग्रॅम फुटाणे धरले की बेरीज नव्वदीला टेकते. चार पोळ्या वरची कसर भरून काढतात. शेंगदाण्यांत प्रथिनं भरपूर, पण निम्मं तेल, आणि मूठ एकदा सुरू झाली की थांबत नाही. वरणाचं नाव काढू नका. आमच्याकडचं वरण इतकं पातळ की उन्हाळ्यात आमच्या गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, दिसावा तसा वाटीचा तळ दिसतो. श्रावणात अंडी घराबाहेर जातात, तेव्हा पनीर आणायचं की आणखी फुटाणे, हे महिन्याची तारीख बघून ठरतं.

एवढंच, की सोया पहिल्याच दिवशी पूर्ण ५० ग्रॅम घेऊ नये. २० पासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत वाढवावा. नाहीतर तालमीत बैठका मारताना आपल्या मागच्या रांगेत कुणी उभं राहत नाही.