शंखाचा आकार आणि शंखाची वाढ
निसर्गातील आकारांवरून मातीची भांडी घडवण्याविषयीच्या एका लेखात शंखाच्या वळणाचे कौतुक आहे, आणि निसर्गातील आकार बारकाईने पाहिला की तो मातीत आपोआप उतरतो, असे म्हटले आहे. मी स्वतः भांडी घडवतो, आणि मला हे विधान अपुरे वाटते. बोंडाच्या आकाराची झाकणाची भांडी घडवताना माझी अडचण आकाराची नव्हती, दोन भागांच्या नात्याची होती. वाळताना आणि भट्टीत मिळून माती साधारण १० ते १२ टक्के आकसते, त्यामुळे कमी-अधिक ओल्या मातीतून केलेली झाकणे माझ्या भांड्यांवर बसेनात. आता मी दोन्ही भाग एकाच गोळ्यातून घडवतो आणि झाकण भांड्यावर ठेवूनच वाळवतो. (पाकळीसारखी पातळ कड तरीही आधी वाळून तडकते, ती झाकून ठेवावी लागते.)

शंखाबद्दलही तेच: नुसता आकार पाहून पुरत नाही, तो कसा वाढतो हेही पाहावे लागते. त्यातला जीव कवचाच्या कडेला नवा थर चढवत जातो, आणि मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचून केलेले भांडेही कडेलाच वाढते. लेखात मात्र कौतुक आहे ते केवळ शंखाच्या वळणाचे, या वाढीचे नाही.