कार्डाच्या पाठीवरचे सात टक्के

आज दुपारी शहरातल्या एका मोटारींच्या शोरूममधून बाहेर पडताना माझी धाकटी बहीण मला म्हणाली, "दादा, माझंच गणित चुकलं असेल." तिचे गणित चुकलेले नव्हते. जुळे सोलापूरला घरी पोहोचेपर्यंत मी काही बोललो नाही, पण आता रात्रीचे साडेदहा वाजले तरी तिचे ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

बहीण परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून ती विजापूर रस्त्याने स्कूटरवर एकटी घरी येते, शिवाय आईला दर महिन्याला तपासणीला न्यावे लागते, म्हणून सहा वर्षे पैसे साठवून तिने एक छोटी पेट्रोल गाडी घ्यायचे ठरवले. गाडीची एक्स-शोरूम किंमत ७,२०,००० रुपये, त्यावर ११ टक्क्यांनी रोड टॅक्स ७९,२०० रुपये, आणि विमा वगैरे वेगळे. सहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी काढायचे आणि वरचे सगळे स्वतःच्या साठवणीतून भरायचे, असा तिचा हिशेब. तिथल्या विक्रेत्याने आपल्या व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर पेनाने लिहून दिले: सहा लाख, सात टक्के, साठ महिने, हप्ता १३,५००. बहिणीने तिथेच बसून मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये तेच आकडे घातले, तर हप्ता आला ११,८८१ रुपये. हा फरक कशाचा, असे तिने अगदी साधेपणाने विचारले. उत्तर मिळाले, "मॅडम, नेटवरचं काय धरू नका ओ. ते पुण्या-मुंबईचं असतंय, सोलापुरात तसं बसत नाही." शेजारच्या टेबलावरची दोन माणसे हसली. तिने कार्ड पर्समध्ये ठेवले आणि पुढे एक शब्द बोलली नाही.

माझा राग त्या हसण्यावर आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका यंत्रमाग कारखान्याचे हिशेब मी २६ वर्षे लिहितो आहे, आणि गुणाकार पुण्यात एक येतो व सोलापुरात दुसरा येतो, असे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. कार्डावरचा आकडा कुठून आला, हे मला बघताक्षणी कळले होते. सहा लाखांचे सात टक्के म्हणजे वर्षाला ४२,००० रुपये, पाच वर्षांचे २,१०,०००. ते मुद्दलात मिळवले की ८,१०,००० होतात, आणि त्याला साठने भागले की बरोबर १३,५००. याला फ्लॅट दर म्हणतात. यात तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण सहा लाखांवर लागत राहते. पाचव्या वर्षी तुमचे जेमतेम दीड लाख देणे उरलेले असते आणि तरीही त्या वर्षाचे ४२,००० रुपये व्याज हप्त्यात धरलेलेच असते. बँका ज्या पद्धतीने दर सांगतात, म्हणजे घटत्या शिलकीवर (दर महिन्याला फेडून उरलेल्या मुद्दलावरच), त्या पद्धतीने मांडले तर कार्डावरचे हे सात टक्के जवळजवळ साडेबारा टक्के होतात.

मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर घटत्या शिलकीचेच गणित करतो, म्हणून त्याने ११,८८१ दाखवले. दरमहा १,६१९ रुपयांचा फरक, साठ महिन्यांत ९७,१४० रुपये. हे सत्त्याण्णव हजार बहिणीला दिसले होते, आणि दिसले म्हणूनच तिला गप्प करण्यात आले.

तिचे पगाराचे खाते ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, तिथे तिला नऊ टक्के दर सांगितला होता. नऊपेक्षा सात कमी, म्हणून शोरूमचे कर्ज स्वस्त, असे वाटून ती तिकडे गेली होती. प्रत्यक्षात नऊ टक्क्यांनी घटत्या शिलकीवर हप्ता बसतो १२,४५५ रुपये. म्हणजे जे कर्ज 'महाग' वाटत होते, ते पाच वर्षांत ६२,७०० रुपयांनी स्वस्त आहे. आपल्याकडे यंत्रमागाच्या गल्ल्यांमधून सावकार 'शेकडा दोन रुपये' म्हणायचा, तेव्हा तो महिन्याचा दर आहे आणि पूर्ण रकमेवर आहे, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असायचे. दर जबर होता, पण त्याचा अर्थ दोघांच्या लेखी एकच होता. इथे 'टक्के' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि ग्राहकाने कुठला अर्थ घ्यायचा, हे त्याच्या अज्ञानावर सोडून दिले जाते.

विम्याचेही तेच. शोरूमने ३८,४०० रुपये सांगितले. त्याच गाडीचा, तेवढ्याच विमा रकमेचा, झीरो डेप्रिसिएशनसह (म्हणजे भरपाईतून सुट्या भागांचा घसारा न कापणारा) विमा ऑनलाईन २७,९०० रुपयांना दिसत होता. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याचा, विमा सक्तीचा आहे, आणि त्याचा हप्ता सरकारच ठरवते, तेव्हा तो कुठेही सारखाच. साडेदहा हजारांची तफावत आली ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तो भाग कुठूनही घेता येतो. तरी "बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेसला अडचण येते ओ," हे वाक्य ऐकवले गेलेच.

नेटवरचे अंदाज सगळे खरे असतात, असे माझे म्हणणे नाही. तिथले व्याज उत्तम सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा चांगला गुणांक, असलेल्या माणसाचे असते, हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत सात वर्षांची धरलेली असते, आणि प्रोसेसिंग फी कुठेच नसते. हे मी मान्य करतो. पण कॅल्क्युलेटर आपल्याला एक प्रश्न तरी विचारायला लावतो, आणि तो प्रश्न विचारणाऱ्याला हसणे मला सहन होत नाही.

लीजच्या, म्हणजे गाडी ठरावीक वर्षे भाड्याने घेण्याच्या, बाबतीत मात्र नेटवरच्या आकड्यानेच फसगत झाली असती. बहीण गप्प झाल्यावर विक्रेत्याने विषय बदलला आणि एक रुपयाही आधी न भरता गाडी नेण्याची योजना काढली. त्याच योजनेची जाहिरात तिने मोबाईलवर पाहिली होती, महिना १४,९०० रुपयांची. शोरूमने सांगितलेला आकडा होता १७,५८२. इथे शोरूमचा आकडा खरा होता, कारण जाहिरातीत १८ टक्के जीएसटी धरलेलाच नव्हता. चार वर्षांत ही रक्कम ८,४३,९३६ रुपये होते, आणि चार वर्षांनी गाडी परत करायची असते. विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच आहे, हे खरे. ज्यांची कंपनी पगारातून लीज देते, त्यांना करातही फायदा होत असेल. पण गाडी आपल्या नावावर कधीच होणार नाही, हे तिने स्वतः विचारले तेव्हा कळले, आणि वर्षाला ठरलेल्या किलोमीटरपेक्षा जास्त फिरले तर जादा पैसे लागतात, हे मी विचारले तेव्हा. कर्जाचा हप्ता आणि लीजचे भाडे हे दोन आकडे शेजारी लिहून "बघा, फार फरक नाही," असे ज्या बाईने सहा वर्षे पैसे साठवले तिला सांगणे मला पटत नाही.

हे लिहिताना तो विक्रेता मुलगा डोळ्यांपुढे येतो आहे. पंचविशीचा असेल, मोहोळकडचा. निघताना त्याने आम्हांला पाणी आणून दिले, आणि महिनाअखेर आहे, अजून दोन गाड्या बाकी आहेत, असे हळूच म्हणाला. फ्लॅट दर आणि घटता दर यांतला फरक त्यालाही कोणी समजावून सांगितला नसावा, असे मला खरोखर वाटते. त्याला एक तक्ता देतात, तो त्यावरून आकडे उतरवतो. त्याच्यावर मी चिडलो होतो, तो राग आता उरलेला नाही.

पण तो तक्ता बनवणाऱ्यांवर राग आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या कर्जासाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे बंधनकारक आहे. करार होण्याआधी, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत मागता येईल असे हे पत्रक असते. त्यात वार्षिक दर असा द्यावा लागतो की प्रोसेसिंग फी आणि कर्जाबरोबर चिकटवलेला विमा, सगळे त्यात मोजले जाते. त्यात नसलेले शुल्क नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, आणि पत्रक हाती आल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. मी ते मागितले. "आधी बुकिंग करा, फाईल लॉगिन झाली की मिळेल," असे उत्तर आले. फाईल लॉगिन म्हणजे तिचे कागद तीन-चार फायनान्स कंपन्यांकडे पाठवणार, प्रत्येकाची चौकशी तिच्या सिबिलवर उमटणार, आणि मग आम्हांला दर कळणार. दर कळण्यासाठी आधी बुकिंगचे अकरा हजार भरा, हा कुठला व्यवहार? चाटी गल्लीत टॉवेलचा साधा गठ्ठा घेतला तरी भाव आधी ठरतो आणि बिलावर लिहिला जातो.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की शोरूमचे कर्ज एका दिवसात होते आणि बँकेत आठ दिवस चकरा माराव्या लागतात. लागतात, खरे आहे. ६२,७०० रुपयांसाठी माझी बहीण आठ दिवस चकरा मारेल. तेवढे पैसे मिळवायला तिला किती रात्रपाळ्या कराव्या लागतात, ते मला माहीत आहे.

ते कार्ड आता माझ्यासमोर टेबलावर आहे. जेवणानंतर मी त्याच्याच खाली पेन्सिलने सगळा हिशेब मांडून तिला दाखवला. तिने तो दोनदा तपासला, एका ठिकाणी माझी बेरीज दुरुस्त केली, आणि म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते." मघाशी साडेनऊला शोरूममधून फोन आला होता, आज बुक केले तर ॲक्सेसरीज मोफत, असा. तिने सांगितले की आधी सगळे आकडे कागदावर, सहीशिक्क्यानिशी पाठवा, आणि सोमवारी अकरा वाजता ती बँकेत जाणार आहे.