नावं कुठे आहेत? कोझाराच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बोस्नियातल्या कोझारा डोंगरावरच्या युद्धस्मारकाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं की सगळा लेख काँक्रीट, सावल्या आणि कॅमेऱ्याचा झालाय. ‘स्मारकावर नाव, हुद्दा, पलटण लागते, सिमेंटचा सांगाडा नव्हे. मेलेल्यांची नावं कुठे आहेत?’ फौजेत २२ वर्षं काढलेल्या माणसाने हे विचारलंय, तेव्हा दोन ओळींत उरकणं बरं नाही.

नावं आहेत. स्मारकाच्या काँक्रीटच्या मनोऱ्यामागे एक भिंत आहे आणि तिच्यावर ९,९२१ नावं आहेत. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या, कोझारा भागातल्या पार्टिझान सैनिकांची, म्हणजे नाझींविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांची. मी त्या भिंतीपाशी बराच वेळ होते. तीच तीच आडनावं पुन्हा येत राहतात, आणि एकेका घरातले किती गेले असतील हे मनात आल्यावर पाय निघत नाही. तरी लेखात भिंतीवर एक ओळ नाही. मनोरा फोटोत सुरेख येतो, भिंत येत नाही, म्हणून मी ती गाळली. ही माझी चूक आणि ती तुम्ही नेमकी पकडलीत.

पण ‘सांगाडा’ मला मान्य नाही. शिल्पकार डुशान जामोन्या यांचा हा मनोरा १९७२ चा, ३३ मीटर उंच. २० उघडेबोडके काँक्रीटचे खांब गोलाकार उभे, एकमेकांना जवळजवळ खेटून. दार नाहीच. दोन खांबांमधल्या फटीतून आडवं होऊन आत शिरायचं. मी पाठीवरची सॅक काढून हातात धरली, तरी एकीकडे छाती आणि दुसरीकडे पाठ घासली. काँक्रीट खरखरीत होतं आणि ऐन उन्हाळ्यातही गार. आत अंधार. वारा ऐकू येत होता, लागत नव्हता.

१९४२ च्या जून-जुलैमध्ये जर्मन आणि उस्ताशा (नाझींच्या साथीतले क्रोएशियन फॅसिस्ट) फौजांनी या डोंगराला वेढा घातला. आत सुमारे ३,५०० पार्टिझान होते आणि त्यांच्या आसऱ्याने जंगलात शिरलेली गावंच्या गावं: म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका, गुरंढोरं. मनोऱ्याभोवती जमिनीवर आडवे टाकलेले अवजड ठोकळे म्हणजे तो वेढा, असं सांगतात. मला हे नंतर कळलं. कोंडल्यासारखं मात्र आधीच झालं होतं. पुतळा असता तर मी खाली उभी राहून वर बघितलं असतं, हात जोडले असते आणि निघाले असते. म्हणून त्या काँक्रीटबद्दल मी लिहिलेला शब्दही मागे घेत नाही.

आता तुमचाच प्रश्न धरून पुढे जाते, कारण तो भिंतीपाशी संपत नाही. भिंतीवर लढणाऱ्यांची नावं आहेत. वेढ्यानंतर ६०,००० हून अधिक साध्या माणसांना छावण्यांत नेलं, कित्येकांना यासेनोव्हात्सला, उस्ताशांच्या मृत्युछावणीत. त्यांना कुठला हुद्दा आणि कुठली पलटण? मुलं आईबापांपासून तोडली गेली. झाग्रेबमधल्या डियाना बुदिसाव्ल्येविच या बाईंनी सहकाऱ्यांना घेऊन छावण्यांतून हजारो मुलं सोडवली, आणि पुढेमागे आईबापांना ती सापडावीत म्हणून एकेका मुलाचं कार्ड करून ठेवलं. काही पोरं इतकी लहान की त्यांना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. १९४५ मध्ये युगोस्लाव्हियाच्या नव्या कम्युनिस्ट सरकारच्या लोकांनी ती सगळी कार्डं बाईंकडून काढून नेली. पुढे हा मनोरा उभारला तो याच राजवटीच्या काळात. हेही माझ्या लेखात यायला हवं होतं.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. डोंगरावर जाताना मी पायथ्याच्या कोझारात्स गावात कॉफीला थांबले आणि लेखात ‘वाटेतलं एक गाव’ एवढंच लिहून मोकळी झाले. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्नियात युद्ध पेटलं, तेव्हा १९९२ च्या मे महिन्यात बोस्नियन सर्ब फौजांनी त्या गावावर हल्ला केला. तिथल्या कितीतरी मुस्लिम रहिवाशांना ओमार्स्काच्या लोखंडाच्या खाणीत केलेल्या छावणीत कोंडलं. जवळच्याच प्रिएडोर शहराच्या परिसरात तेव्हा १०२ मुलं मारली गेली. त्यांच्या नावाचं स्मारक व्हावं म्हणून आईबापांना वर्षानुवर्षं मागणी करत राहावं लागलं. कोझारात्समध्ये परतलेल्या लोकांनी आपल्या मेलेल्यांची नावं गावातच कोरून ठेवली आहेत. मी त्या नावांपासून हाकेच्या अंतरावर बसून कॉफी प्यायले आणि उठून मनोरा बघायला गेले.

लेखात आज ही सगळी भर घातली आहे, ‘वाटेतलं एक गाव’ काढून गावाचं नाव लिहिलंय. भिंतीचा माझ्याकडे एकच फोटो आहे, तोही टाकलाय. ऊन थेट पडल्यामुळे बरीचशी नावं वाचता येत नाहीत. डावीकडच्या वरच्या काही ओळी तेवढ्या लागतात, त्या मोठ्या करून खाली दिल्या आहेत.