एक आकडा जास्त

विजेचं बिल मी आजवर फक्त शेवटची ओळ पाहून भरत आलो. एका रात्री झोप येईना म्हणून ते वरपासून वाचायला घेतलं आणि उरलीसुरली झोपही गेली. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार... एवढे आकार मी भूमितीच्या वहीतही काढले नव्हते. हे सगळे मिळून जे साकार होतं, त्यात माझा पगार निराकार होतो, एवढंच कळलं.

शेजाऱ्यांनी महिन्यापूर्वीच वीज कंपनी बदलली होती. "सोपं असतं हो, दहा मिनिटांचं काम," ते म्हणाले. भला माणूस आहे. अजून आमचं बोलणं पूर्णपणे बंद झालेलं नाही.

दहा मिनिटांपैकी पहिले तीन रविवार दर बघण्यात गेले. एका कंपनीचा युनिटचा दर कमी, पण स्थिर आकार असा की घराला कुलूप लावून गावाला गेलो तरी मीटर मागे लागेल. दुसरीचा दर वर्षभर बांधलेला, पण मधेच सोडलं तर दंड. तिसरी रात्री वीज फुकट द्यायला तयार होती. टेक्सासमध्ये २००२ साली वीज कंपनी निवडायची मुभा मिळाल्यावर पुढे अशा योजनाही निघाल्या, हे मी बायकोला उत्साहाने सांगितलं. रात्रीच्या फुकटाची वसुली दिवसाच्या दरातून होते, हे सांगितलं नाही.

"म्हणजे कपडे रात्री दोनला धुवायचे?"

"मशीनला टायमर असतो."

"आणि वाळत कोण घालणार? टायमर?"

ती योजना तिथेच बारगळली.

मग आई. तिच्या शंका मुळाशी जाणाऱ्या असतात. "नवी वायर ओढणार का रे?" नाही, वायर तीच. "मीटर?" तेच. "वीज तरी वेगळी?" इथे मी विहिरीचं उदाहरण दिलं. समज, एकच विहीर आहे. दहा जण तिच्यात पाणी ओततात आणि सगळं गाव शेंदून नेतं. तुझ्या घागरीत कोणाचं पाणी आलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कंपनी फक्त कोणी किती ओतलं आणि कोणी किती नेलं याची वही ठेवते. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तू वही बदलतोयस."

एवढ्या कमी शब्दांत हे मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नव्हतं.

"आणि ती वहीवाली कंपनी बुडाली तर?" याची मात्र तयारी होती. २०२१ मध्ये गॅसचे घाऊक दर भडकले तेव्हा ब्रिटनमधल्या कितीतरी छोट्या कंपन्या पटापट बुडाल्या. नियामकाने त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांच्या पदरात घातले. दर गेले, दिवे गेले नाहीत. आईचं समाधान झालं. माझं थोडं कमी झालं.

त्याच ब्रिटनमध्ये १९९९ पर्यंत घरोघरी ही निवड पोचली होती. २०१६ साली तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने पाहिलं, तर सहा बड्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के ग्राहक अजून न निवडलेल्या, महागड्या दरावरच बसून होते. शेवटी २०१९ पासून त्या दरावर सरकारी मर्यादा आली. हे वाचलं तेव्हा मला त्या ७० टक्क्यांची कीव आली होती. आता वाटतं, त्यांच्या पाया पडावं.

कारण फॉर्मच्या शेवटी एक निरुपद्रवी चौकट होती: 'आजचे मीटर रीडिंग'.

मीटर जिन्याखाली, कोळ्यांच्या संस्थानात. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फोन, दातात पेन. दिसलं ते इमानेइतबारे लिहिलं: ६२१४८. त्यातला शेवटचा ८ लाल होता. मला वाटलं, शोभेसाठी असेल.

मागच्या बिलावर रीडिंग ६०३१ होतं. जुन्या कंपनीने वजाबाकी केली आणि निरोपाचं बिल पाठवलं: ५६,११७ युनिट. आम्ही महिन्याला १९० च्या आसपास वापरतो. म्हणजे साडेचोवीस वर्षांची वीज आम्ही एका महिन्यात फस्त केली होती. तारेवर आकडा टाकून वीज चोरणारे ऐकले होते. एक आकडा जास्त टाकून स्वतःलाच लुटणारा मी पहिलाच असेन.

फोन लावला. "आपण आमचे ग्राहक दिसत नाही, त्यामुळे तक्रार नोंदवता येणार नाही."

"मग बिल कसं पाठवलंत?"

"ते माजी ग्राहकाचं आहे."

"मीच तो माजी."

"माजी ग्राहकांसाठी आम्ही सेवा देत नाही."

नव्या कंपनीची तऱ्हा त्याहून न्यारी. तिनेही तोच आकडा सुरुवातीचं रीडिंग म्हणून घेतला होता. महिन्याने तिचा माणूस येऊन नीट ६३९८ लिहून गेला. म्हणजे तिच्या लेखी मी महिनाभरात ५५,७५० युनिट वीज परत केली होती. क्षणभर छाती फुगली. एका वहीत मी कारखाना होतो, दुसरीत वीजकेंद्र. मग पत्र आलं: मीटर उलट फिरवल्याचा संशय, तपासणी होईल.

तपासणीला आलेला मुलगा माझ्या निम्म्या वयाचा होता. त्याने रुमालाने मीटरवरची धूळ पुसली. लाल आकड्याच्या आधी ठसठशीत दशांशचिन्ह होतं. "हा घ्यायचा नसतो, काका," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

सगळं निस्तरायला सात आठवडे लागले. तरी कंपनी बदलावी का म्हणाल, तर बदलावी, फायदा खरा आहे. वर्षाला साधारण ७५ युनिटांचे पैसे वाचतील, असा हिशेब मी जेवताना मांडला. बायकोने विचारलं, तो सेट-टॉप बॉक्स किती वॉटचा? दहा. आणि कोणी बघत नसताना किती तास चालू असतो? वीस. मी मनातल्या मनात गुणाकार केला: वर्षाला ७३ युनिट. तिने उठून भिंतीवरचं बटण बंद केलं आणि ताक प्यायला परत आली. फॉर्म नाही, टॉर्च नाही.

आमचा बांधलेला दर पुढच्या आठवड्यात संपतोय. मी काल पुन्हा दर बघायला बसलो, तेव्हा ती आतून टॉर्च घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली.

"अहो, या वेळी लाल आकड्यावर बोट ठेवून वाचा," ती म्हणाली. "नाहीतर आईंना पाठवते."