अहिराणीची अडचण दिल्लीच्या अकादमीत नाही

जळगाव-धुळ्याच्या गटांवर एक मजकूर फिरतोय: ‘साहित्य अकादमीने अहिराणीला बोली ठरवलं, म्हणून ती आठव्या अनुसूचीत जात नाही. अहिराणीत लिहिणाऱ्याला अकादमीचा सन्मान मिळूच शकत नाही. खानदेशाला तिथे कायम डावललं जातं.’

आधी आठव्या अनुसूचीचं, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीचं पाहू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. अकादमी 1954 साली सुरू झाली, 1956 मध्ये संस्था म्हणून नोंदली गेली. पैसा केंद्राचा, कारभार स्वायत्त. ती पुस्तकं काढते, अनुवाद करवून घेते, पुरस्कार देते. अनुसूची बदलायला घटनादुरुस्ती लागते आणि ती संसद करते. अकादमीने कोकणीला मान्यता दिली 1975 मध्ये. कोकणी अनुसूचीत गेली 1992 च्या 71व्या दुरुस्तीने. डोग्री 1969 ला अकादमीत, अनुसूचीत थेट 2003 ला. राजस्थानी तर अकादमीने मान्यता दिलेल्या 24 भाषांत असूनही अजून अनुसूचीबाहेरच आहे. म्हणजे अकादमीत शिरकाव झाला तरी संसदेचं दार आपोआप उघडत नाही.

‘बोली ठरवलं’ हेही अकादमीच्या माथी नको. भाषा कोणती आणि बोली कोणती, याचा कायदेशीर निवाडा ती करत नाही. उलट 2011 च्या जनगणनेत ‘खानदेशी’ मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे, अहिराणी तिच्यातच येते. आकडा सुमारे 18 लाख 60 हजार.

सन्मानाबाबत अर्धं खरं. वार्षिक पुरस्कार त्या 24 भाषांतल्या पुस्तकांनाच मिळतो. पण मान्यता नसलेल्या भाषांसाठी 1996 पासून ‘भाषा सन्मान’ आहे. तो एका पुस्तकाला नसतो. लेखक, संपादक, संग्राहक, अनुवादक, अगदी सादर करणाऱ्या कलावंतालाही त्याच्या एकूण कामासाठी मिळू शकतो. एखादा कवितासंग्रह छापून वाट पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ओव्या, म्हणी, शब्द गावोगाव फिरून नोंदवणाऱ्याचं काम इथे जास्त वजनदार.

डावलण्याचं म्हणाल, तर मराठीतला पहिलाच अकादमी पुरस्कार 1955 साली खानदेशातल्याच पिंपळनेरला जन्मलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना मिळाला. 1990 चा खानदेशातल्याच सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांना. दोघांची पुस्तकं मराठीतली, हे मात्र कबूल.

जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात आपण सांगू तेच लिहिलं जातं. घरात ‘तुन्हं नाव काय शे’ म्हणणारा अहिराणी माणूस जनगणनेला आलेल्या प्रगणकाला ‘मराठी’ सांगतो आणि मराठीत मोजला जातो. 2001 मध्ये खानदेशीचा आकडा 20 लाखांवर होता. घट होण्यामागे इतरही कारणं असतील, पण हा रकाना आपल्याच हातात आहे.