ड्रायव्हर रस्ता चुकला म्हणून महायुद्ध होत नसतं

पहिल्या महायुद्धावरची एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं : १९१४ साली बोस्नियातल्या साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा ड्रायव्हर रस्ता चुकला. गाडी थांबली ती नेमकी सँडविच खात उभ्या असलेल्या गाव्रिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणासमोर. त्याने गोळी झाडली, युवराज ठार झाला आणि करारांमुळे सगळे देश आपोआप युद्धात ओढले गेले. पुढे जर्मनीने 'लुसिटानिया' जहाज बुडवलं म्हणून अमेरिका युद्धात उतरली; आतलं खरं कारण मात्र बँकवाल्यांची कर्जवसुली. अमेरिका आली आणि युद्ध जिंकलं गेलं.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं ही पोस्ट नोट्स म्हणून जपून ठेवत आहेत, म्हणून हे लिहितो आहे. शाळेत आपण 'तात्कालिक कारण' आणि 'मूळ कारणे' असे दोन रकाने पाठ केले. या पोस्टने दुसरा रकाना पुसून टाकला आहे आणि पहिल्यातही भेसळ केली आहे.

आधी सँडविच. प्रिन्सिपच्या खटल्यातल्या जबान्यांत ते कुठेच नाही. हत्येनंतर कित्येक दशकांनी ते या गोष्टीत शिरलं. ड्रायव्हर वळण चुकला हे खरं आहे, कारण सकाळी बाँब पडल्यावर मार्ग बदलायचं ठरलं आणि ते त्याला कोणी सांगितलंच नाही. पण तो बाँब पोस्टमध्ये नाही. २८ जूनच्या त्या सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर सहा तरुण हत्यारं घेऊन ठरलेल्या जागी उभे होते. त्यांच्यातल्या चाब्रिनोविचने टाकलेला बाँब युवराजाच्या गाडीवरून उडून मागच्या गाडीजवळ फुटला. हत्यारं बेलग्रेडहून आली होती आणि त्यामागे सर्बियाच्या लष्करी हेरखात्याच्या प्रमुखाचा हात होता. याला योगायोग कसं म्हणायचं?

यापुढचा 'आपोआप' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. खून झाला २८ जूनला, ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मध्ये सदतीस दिवस गेले. त्या सदतीस दिवसांत माणसं बैठका घेत होती, तारा पाठवत होती, मसुदे खोडत होती. ५ जुलैला ऑस्ट्रियाचा दूत बर्लिनला गेला आणि 'तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत' असा शब्द जर्मनीकडून घेऊन आला. ऑस्ट्रिया-हंगेरी हे एकच साम्राज्य; त्यातल्या हंगेरीचे पंतप्रधान तिसा यांचा युद्धाला विरोध होता. त्यांचं मन वळवण्यात पहिले दोन आठवडे गेले. २३ जुलैला सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची निर्वाणीची मुदत देणारा खलिता गेला. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, पण आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी बसवायला नकार दिला. ते उत्तर २८ जुलैला वाचून खुद्द जर्मन सम्राट विल्हेल्मने शेरा मारला की आता युद्धाचं कारणच उरलेलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. ३० जुलैला रशियाने संपूर्ण सैन्य सज्ज करण्याचा हुकूम काढला. हे झाल्यावरही थांबायला वेळ होता. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी सही केली आहे.

करारांचंच बघा. जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारलं १ ऑगस्टला. ज्या ऑस्ट्रियाच्या मदतीला म्हणून हे चाललं होतं, त्या ऑस्ट्रियाने रशियाशी युद्ध पुकारलं ६ ऑगस्टला! इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात होती. ती १९१४ मध्ये तटस्थ राहिली आणि मे १९१५ मध्ये उलट बाजूने लढायला उभी राहिली. फ्रान्सबरोबर लढलंच पाहिजे अशा कुठल्याही कराराने ब्रिटन बांधलेलं नव्हतं. बेल्जियमच्या तटस्थतेची १८३९ ची हमी होती, आणि तिचा अर्थ काय लावायचा यावर लंडनच्या मंत्रिमंडळात दिवसचे दिवस वाद झाला. जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं, तेव्हा तो मिटला. ते तिथे घुसलं, कारण रशियाशी लढायचं तर आधी बेल्जियममधून जाऊन फ्रान्सला झपाट्याने पाडायचं, अशीच जर्मन सेनानींची योजना होती. रशियाची लष्करी ताकद दरवर्षी वाढते आहे, तेव्हा युद्ध व्हायचंच असेल तर लवकर होऊ दे, असं बर्लिनमध्ये उघड बोललं जात होतं. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत सर्बिया आकाराने जवळजवळ दुप्पट झाला होता, त्याची धास्ती व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारला होती. तिथला सेनाप्रमुख कॉनराड सर्बियावर हल्ला करा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागला होता, आणि त्याला अडवणाऱ्यांत एक प्रमुख माणूस होता तो युवराज फ्रान्झ फर्डिनंडच. त्या गोळीने नेमका अडवणारा माणूस नाहीसा केला. पोस्टकर्त्याने हे लिहिलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते.

आता 'लुसिटानिया'. हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडालं ७ मे १९१५ ला, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, अठरा मिनिटांत. सुमारे बाराशे माणसं गेली, त्यांत १२८ अमेरिकन. अमेरिकेने युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ ला. म्हणजे मध्ये तेवीस महिने गेले. जहाज बुडाल्यावर तीनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन फिलाडेल्फियात म्हणाले की एखाद्याचा स्वाभिमान इतका मोठा असू शकतो की त्याला लढणं कमीपणाचं वाटतं. परराष्ट्रमंत्री ब्रायन यांना तर जर्मनीला पाठवलेला निषेधाचा खलितासुद्धा जास्त कडक वाटला आणि त्यांनी राजीनामा दिला. १९१६ ची निवडणूक विल्सन यांनी जिंकली, तेव्हा त्यांच्या पक्षाचा प्रचार होता 'यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं'. त्या जहाजाने अमेरिकेत जर्मनीविषयी चीड पेरली, यात वाद नाही. पण युद्ध आणलं ते दुसऱ्या निर्णयाने.

तो निर्णय ९ जानेवारी १९१७ चा. ब्रिटनकडे जाणारं कुठलंही जहाज, मग ते तटस्थ देशाचं का असेना, पाणबुड्यांनी इशारा न देता बुडवायचं असं जर्मनीने ठरवलं. त्यांच्या नौदलाने हिशेब मांडला होता : महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवली, तर पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल. अमेरिका चिडेल हे त्यांना पक्कं माहीत होतं. तिचं सैन्य पोहोचायच्या आत सगळं आटोपेल यावर त्यांनी पैज लावली. त्यानंतर तेरा दिवसांनी, २२ जानेवारीला, विल्सन सिनेटमध्ये 'कोणाच्याही विजयाविना शांतता' हवी असं सांगत होते! १ फेब्रुवारीपासून पाणबुड्या सुटल्या. त्यात जर्मन परराष्ट्रमंत्री त्सिमरमान यांनी मेक्सिकोसाठी पाठवलेली गुप्त तार उघडी पडली : मेक्सिकोने अमेरिकेविरुद्ध जर्मनीची साथ द्यावी आणि टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवावेत. आपणच ती पाठवल्याचं त्सिमरमान यांनी कबूल केलं. मार्चमध्ये अमेरिकन जहाजं बुडू लागली, तेव्हा विल्सन युद्धासाठी अमेरिकन संसदेपुढे, म्हणजे काँग्रेसपुढे गेले. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५०. विरोधात मत देणाऱ्या पन्नासांत जॅनेट रँकिन होत्या, काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या महिला.

बँकवाल्यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. मॉर्गन ही न्यूयॉर्कची बँक ब्रिटनसाठी अमेरिकेत खरेदी करत होती आणि दोस्त राष्ट्रांना (ब्रिटन, फ्रान्स आणि साथीदारांना) दिलेलं कर्ज जर्मनीला दिलेल्या कर्जाच्या कितीतरी पट होतं. पण नोव्हेंबर १९१६ मध्ये फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, अमेरिकन बँकांना दोस्तांच्या नव्या कर्जरोख्यांपासून जपून राहायला सांगितलं, आणि त्याला विल्सन यांचा पाठिंबा होता. ज्याला सावकारांसाठी लढायचं आहे तो सावकाराचा धंदा असा अडवत नाही.

'अमेरिका आली आणि जिंकली' याला दोन ओळी पुरेत. १९१७ च्या वसंतात तिचं कायमचं सैन्य सव्वा लाखाच्या आसपास होतं. मार्च १९१८ चा जर्मन हल्ला प्रामुख्याने ब्रिटिश आणि फ्रेंचांनी झेलला. नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये उतरलेल्या वीस लाख ताज्या माणसांनी पारडं झुकवलं हे मान्य. पण फ्रान्सचे तेरा लाखांहून जास्त सैनिक मेले, अमेरिकेची सव्वा लाखाहून थोडी कमी माणसं गेली, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक आजाराने.

'आपोआप' हा शब्द एका ठिकाणी मात्र खरा आहे. ४ ऑगस्टला ब्रिटनबरोबर हिंदुस्थानही युद्धात गेला आणि इथल्या कोणालाही त्याबद्दल विचारलं गेलं नाही. हिंदुस्थानी लष्कराच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड ऑक्टोबरातच मुंबईहून निघाली, तेव्हा तुर्कस्तानशी युद्ध जाहीरही झालेलं नव्हतं. ६ नोव्हेंबर १९१४ ला ती तेव्हा तुर्कस्तानच्या ताब्यात असलेल्या इराकच्या टोकाला फाव इथे उतरली. त्यात ११७ वी मराठा पलटण होती. हीच डिव्हिजन पुढे कुत इथे वेढ्यात सापडली, उपाशी राहिली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं. त्यांतले हजारो परत आले नाहीत. अमेरिकेने युद्ध पुकारायला तेव्हा अजून जवळजवळ वर्ष होतं. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत जुन्या दगडी पाट्या आजही दिसतात : १९१४ च्या महायुद्धात या गावातून किती माणसं गेली, आणि त्यांतली किती मेली.