कुंड्यांपेक्षा खिडकी बरी

घरातली हवा शुद्ध ठेवायला मनी प्लांट, स्नेक प्लांट लावा, असं एका लेखात म्हटलंय. झाडं जरूर लावा, दिसतात छान, पण हे काम त्यांच्या गळ्यात मारू नका. हा समज पसरला नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून, आणि तो झाला होता हवाबंद पेटीत. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा खिडकीतून होते तेवढी सफाई हवी तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. मग झोपायचं कुठे?

आमच्याकडे खरा फरक पडला एक्झॉस्ट फॅनमुळे. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, मोजणारं छोटं यंत्र ओट्याजवळ ठेवलं होतं. तेल तापून धूर निघाला की आकडा २० वरून थेट दोनशेपार! फॅन चालूच होता, पण जाळी तेलाने इतकी चिकटलेली की हवा जाणार कुठून? जाळी धुतली, फॅन गॅस पेटवण्याआधीच लावू लागलो आणि नंतरही दहा मिनिटं चालू ठेवला.

प्युरिफायरचं म्हणाल तर हेपा फिल्टर धूळ पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही. तो वायू बाहेर घालवायला खिडकीच लागते, अर्थात बाहेर धुरकं नसेल तेव्हा.